गाडीचं मायलेज का बदलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"गेल्या महिन्यापर्यंत सोळा देत होती, आता चौदावर आली. गाडीत काय बिघडलं असेल?" गाडी चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. बऱ्याचदा गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. बदललेला असतो तो रस्ता, हंगाम, वेळ किंवा मोजण्याची पद्धत. काही वेळा मात्र खरोखरच बिघाड असतो आणि मायलेज ही त्याची पहिली खूण असते. या दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, याची उत्तरं खाली दिली आहेत. मी स्वतः कित्येक वर्षं प्रत्येक टाकीची नोंद ठेवतो आहे आणि त्या वहीने मला अनावश्यक खर्चापासून अनेकदा वाचवलं आहे.

मायलेज खरंच घटलं आहे, असं कधी म्हणायचं?

एका टाकीवरून कधीच म्हणू नका. लागोपाठ चार-पाच टाक्या आकडा एकाच दिशेने सरकत असेल आणि तुमचा रस्ता, वेळ आणि हवामान साधारण पूर्वीसारखंच असेल, तर ती खरी घट. एका टाकीत पाच-सात टक्के वर-खाली होणं अगदी नेहमीचं आहे. निरोगी माणसाचं वजनही रोज थोडं हलतंच, तसंच हे.

घट अचानक झाली की हळूहळू, हेही बघा. दोन-तीन महिन्यांत कणाकणाने उतरलेला आकडा एक गोष्ट सांगतो आणि एका आठवड्यात धाडकन पडलेला आकडा दुसरी. पहिल्यामागे बहुधा टायर, ब्रेक, प्लग किंवा बदललेला ऋतू असतो. दुसऱ्यामागे सेन्सर, गळती किंवा नुकतंच गाडीवर झालेलं एखादं काम.

मायलेज मोजायची खात्रीची पद्धत कोणती?

टाकी फुल ते टाकी फुल. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीसारखी गाडी चालवा. पुढच्या वेळी पुन्हा नळी बंद होईपर्यंत भरा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हे तुमचं मायलेज. पहिल्यांदा किती लिटर भरले याचा इथे काही संबंध नाही, आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो.

या पद्धतीतही एक फट आहे. नळी कधी लवकर बंद होते, कधी उशिरा. गाडी जराशी कललेली असली, नळी वेगळ्या कोनात बसली किंवा भरण्याचा वेग जास्त असला, की एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो. तुम्ही दहाच लिटर भरत असाल तर एक लिटर म्हणजे दहा टक्के चूक. पस्तीस लिटर भरलेत तर तीच चूक तीन टक्क्यांच्या आत येते. म्हणून टाकी बरीच रिकामी झाल्यावरच फुल करा आणि जमल्यास तोच पंप, तीच नळी वापरा.

एक उदाहरण बघू. पहिल्या वेळी ४२० किलोमीटरला २७.३ लिटर लागले, मायलेज १५.४. पुढच्या वेळी ३८८ किलोमीटरला २२.१ लिटर, मायलेज १७.६. गाडी एका आठवड्यात सुधारली का? नाही. पहिल्या वेळी थोडं जास्त भरलं गेलं, ते दुसऱ्या वेळी वजा झालं. दोन्ही टाक्या एकत्र धरल्या की ८०८ किलोमीटरला ४९.४ लिटर, म्हणजे १६.४. हाच खरा आकडा. जितक्या जास्त टाक्या एकत्र धराल तितकी ही चूक विरघळत जाते.

नळी बंद झाल्यावर "अजून थोडं" म्हणून ठासून भरू नका. टाकीतली वाफ शोषून घेण्यासाठी कोळशाचा एक डबा बसवलेला असतो. जादा पेट्रोल त्यात शिरलं की तो निकामी होऊ शकतो.

सरासरी काढताना लोक कुठे चुकतात?

दोन मायलेजची बेरीज करून दोनने भागतात. समजा शंभर किलोमीटर शहरात १० च्या मायलेजने गेलात आणि शंभर किलोमीटर महामार्गावर २० च्या. सरासरी १५ वाटते. पण शहरात दहा लिटर जळलं, महामार्गावर पाच. दोनशे किलोमीटरला पंधरा लिटर, म्हणजे १३.३. वाईट आकडा सरासरीला नेहमी जास्त खाली ओढतो, कारण इंधन तिथेच जास्त जळालेलं असतं. मायलेजची सरासरी काढूच नका. किलोमीटरची बेरीज करा, लिटरची बेरीज करा आणि मग भागा.

डॅशबोर्डवरचा आकडा माझ्या हिशोबाशी जुळत नाही. कोणावर विश्वास ठेवू?

तुमच्या वहीवर. डॅशबोर्डवरचा आकडा लिटर मोजून येत नाही. इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून गाडीतला संगणक इंधनाचा अंदाज बांधतो. तो अंदाज काही टक्क्यांनी चुकू शकतो आणि बऱ्याच गाड्यांत तो प्रत्यक्षापेक्षा चांगलाच दिसतो. पण त्या आकड्याची चूक साधारण तेवढीच राहते. त्यामुळे आज आणि काल यांची तुलना करायला, किंवा आपण पाय कसा देतो हे बघायला तो उत्तम आहे.

कंपनीने सांगितलेलं मायलेज मला का मिळत नाही?

तो आकडा रस्त्यावरचा नसतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात. युरोपात २०१७ पर्यंत चालणारी एनईडीसी चाचणी ११८० सेकंदांची होती. अंतर जेमतेम अकरा किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३४ च्या आसपास, आणि वेग वाढवण्याची गती इतकी संथ की तशी गाडी रस्त्यावर कोणी चालवत नाही. तिच्या जागी आलेली डब्ल्यूएलटीपी चाचणी १८०० सेकंदांची, सव्वातेवीस किलोमीटरची आणि ताशी १३१ किलोमीटरपर्यंत जाणारी आहे. तिचे आकडे रस्त्याच्या जवळ आले, पण तीही २३ अंश तापमानाला आणि एसी बंद ठेवूनच होते.

सगळ्या गाड्या एकाच परीक्षेला बसवायच्या, एवढाच या चाचण्यांचा उपयोग. दोन गाड्यांपैकी कमी कोण पिते, हे त्यातून कळतं. तुमच्या रस्त्यावर ती किती देईल, हे कळत नाही. त्यामुळे "कंपनी बावीस म्हणते, मला सतरा मिळतात" ही तुलना सोडून द्या. "मला सतरा मिळत होते, आता पंधरा मिळतात" हीच तुलना कामाची.

गाडी नवीन आहे, तरी मायलेज कमी का?

पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, गिअर, टायर हे सगळं एकमेकांशी जुळून यायला काही हजार किलोमीटर लागतात. पाच-सहा हजारांपर्यंत आकडा हळूहळू वर सरकतो. तोवर निष्कर्ष काढू नका.

रस्ता तोच, अंतर तेच. तरी आकडा इतका कसा बदलतो?

कारण इंधन फक्त अंतरावर जळत नाही, वेळेवरही जळतं. लहान पेट्रोल गाडी उभ्या-उभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते. एसी चालू असेल तर त्याहून जास्त. वीस किलोमीटरचा रोजचा रस्ता धरा. १६ च्या मायलेजने सव्वा लिटर लागतं. त्याच रस्त्यावर एखाद्या खोदकामामुळे रोज अर्धा तास जास्त थांबावं लागलं, तर त्या अर्ध्या तासात ०.४ लिटर गेलं असं धरू. एकूण १.६५ लिटर, मायलेज बारा. गाडीला काहीही झालेलं नाही, तरी सोळाचे बारा झाले.

थांबण्याइतकंच महाग आहे ते थांबून पुन्हा निघणं. १२०० किलोची गाडी ताशी साठवर पोचवायला जी गतिज ऊर्जा लागते, ती सुमारे १६७ किलोज्यूल भरते. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं असं धरलं, तर एवढ्या कामाला वीस-एकवीस मिलिलिटर पेट्रोल जातं. ब्रेक मारला की ते सगळं उष्णता होऊन ब्रेकच्या डिस्कवाटे उडून जातं. साठवरून पन्नास वेळा थांबलात की एक लिटर गेलं.

म्हणून मायलेज वाढवायचं असेल तर उजव्या पायापेक्षा डोळ्यांना सवय लावा. पुढचा सिग्नल लाल दिसतोय, तर आत्ताच पाय काढा. न मारलेला ब्रेक म्हणजे वाचलेलं इंधन.

वेगाचा परिणाम किती?

मोठा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की वेग पंचवीस टक्के वाढतो, हवेचा विरोध ५६ टक्के. टायरचा विरोध तेवढा वाढत नाही, त्यामुळे एकूण इंधन ५६ टक्क्यांनी वाढत नाही. पण एका टाकीच्या हिशोबात फरक ठळक दिसतो.

वाऱ्याचं गणितही हेच. तुम्ही ८० ने जाताय आणि समोरून ताशी २० चा वारा आहे, तर गाडीला हवा शंभरचीच लागते. जाताना पंधरा आणि येताना एकोणीस असा चमत्कार झाला की आधी वारा आणि चढ-उतार आठवून बघा.

अतिशय कमी वेगही फायद्याचा नाही. बहुतेक गाड्यांना वरच्या गिअरमध्ये ताशी पन्नास ते ऐंशीच्या पट्ट्यात स्थिर वेगाने गेलेलं सगळ्यात मानवतं.

एसीमुळे नेमकं किती फरक पडतो?

एसीचा भार तासावर चालतो, किलोमीटरवर नाही. समजा एसीमुळे तासाला अर्धा लिटर जास्त लागतं. ताशी ऐंशीने जाताना तो अर्धा लिटर ऐंशी किलोमीटरवर वाटला जातो. शहरात ताशी वीसने सरकताना तोच अर्धा लिटर वीस किलोमीटरच्या वाट्याला येतो, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला चौपट. म्हणूनच उन्हाळ्यात शहरातलं मायलेज डोळ्यांत भरण्याइतकं पडतं आणि महामार्गावर तेवढं पडत नाही.

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या-बसल्या काचा उघडून गरम हवा एक-दोन मिनिटं बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. पहिल्या काही मिनिटांतच कॉम्प्रेसर सगळ्यात जास्त राबतो. आणि उकाड्यात घामाघूम होऊन एसी बंद ठेवण्याचा अट्टहास करू नका. थकलेला, चिडलेला चालक गाडी वाईट चालवतो.

थंडीत मायलेज का घटतं?

एकाच वेळी अनेक कारणं जमतात. थंड ऑइल घट्ट असतं. इंजिन गरम होईपर्यंत संगणक मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवतो. थंड हवा दाट असते, त्यामुळे तिचा विरोध वाढतो. टायरमधली हवा आकसते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार, तापमान २५ अंशांवरून उणे ७ वर गेलं की शहरातलं मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी घटतं आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. सौम्य हिवाळ्यात घट कमी असते, पण असतेच.

यातलं खरं कळीचं कारण म्हणजे छोट्या फेऱ्या. दोन किलोमीटर जायचं, गाडी थंड होऊ द्यायची, पुन्हा दोन किलोमीटर. अशा गाडीचं इंजिन दिवसभरात एकदाही नीट तापत नाही. घर बदललं, ऑफिस जवळ आलं आणि मायलेज पडलं, अशी तक्रार असेल तर उत्तर इथे आहे. दोन-तीन कामं एकाच फेरीत उरका. आणि उभ्या-उभ्या गाडी पाच-दहा मिनिटं गरम करत बसू नका. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटाने निघा आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा. इंजिन चालतानाच लवकर तापतं.

टायरमधल्या हवेचा खरंच इतका संबंध आहे?

आहे, पण सांगितला जातो तेवढा चमत्कारिक नाही. चारही टायरमध्ये हवा एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी असेल तर मायलेज सरासरी ०.२ टक्के घटतं, असं तेच ऊर्जा खातं सांगतं. म्हणजे पाच पीएसआय कमी असली तर एक टक्का. पण कमी हवेने टायर कडेने झिजतो, तापतो आणि फुटू शकतो. मायलेजसाठी नसली तरी जिवासाठी हवा तपासा.

तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. हवा टायर थंड असताना तपासा. लांबून आल्यावर टायर तापलेले असतात आणि काटा जास्त दाखवतो. किती भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, ती भरायची नसते. आणि मायलेजच्या हव्यासापायी टायर दगडासारखे टणक करू नका, पकड जाते.

नवे टायर टाकले आणि मायलेज उतरलं. टायर खराब आहेत का?

नाहीत. यात दोन गोष्टी आहेत आणि त्यातली एक तर निव्वळ मोजणीतली आहे.

ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नाही. तीनशे मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाचा टायर आठ मिलिमीटर नक्षीवरून दोनवर घासला की त्रिज्या दोन टक्क्यांनी घटते. त्याच रस्त्याला चाक जास्त फेरे मारतं, मीटर जास्त किलोमीटर दाखवतो आणि मायलेज दोन टक्क्यांनी उगाच चांगलं दिसतं. गोटा झालेल्या टायरवर गाडी "मस्त ॲव्हरेज देते" ती काही अंशी अशी. नवे टायर बसले की मीटर खरं बोलायला लागतो.

दुसरी गोष्ट खरी आहे. नव्या टायरची जाड नक्षी रस्त्यावर जास्त वळते-दबते, त्यात ऊर्जा जाते. काही हजार किलोमीटरनंतर ती कमी होते. मात्र मूळ मापापेक्षा रुंद टायर टाकले असतील तर ती घट कायमची समजा.

सर्व्हिसिंग करून आणल्यावर मायलेज घटलं. असं कसं?

आधी दोन टाक्या जाऊ द्या. बॅटरी काढून लावली असेल तर संगणकाने शिकून ठेवलेलं काही समायोजन पुसलं जातं आणि ते पुन्हा शिकायला थोडा वेळ लागतो. त्यानंतरही घट राहिली तर तीन गोष्टी विचारा. ऑइल कोणत्या ग्रेडचं घातलं? जाड ऑइलने एक-दोन टक्के जाऊ शकतात. ब्रेकचं काम झालं का? नवे पॅड कधी कधी डिस्कला घासत राहतात. आणि एअर फिल्टरचं झाकण किंवा एखादी होज नीट बसली आहे ना? तिथून मोजमापाबाहेरची हवा आत शिरली की इंधनाचा सगळा हिशोब बिघडतो.

एअर फिल्टर बदलला की मायलेज वाढतं ना?

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत वाढायचं. इंजेक्शनच्या गाडीत जवळजवळ काही फरक पडत नाही, कारण हवा कमी आली की संगणक पेट्रोलही तेवढंच कमी करतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं. तुंबलेल्या फिल्टरने गाडीचा उठाव कमी झाला, मायलेज नाही. फिल्टर वेळेवर बदला, पण तो मायलेजसाठी नव्हे, इंजिनसाठी.

खरा बिघाड असेल तर तो कुठे असतो?

सगळ्यात आधी ब्रेक. त्याची तपासणी फुकट आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक फारसा न वापरता काही किलोमीटर चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ तळहात न्या. स्पर्श करू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा हँडब्रेक चिकटतो आहे. माझ्या गाडीचं ॲव्हरेज एकदा दोन महिन्यांत सतरावरून पंधरावर आलं होतं. प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून झाले, आकडा हलेना. शेवटी कळलं की मागच्या एका चाकाचा हँडब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. केबल बदलल्यावर पुढच्याच टाकीला आकडा वर आला. चाकाजवळ हात नेण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

दुसरा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड करणारं पाणी अडवून धरणारी झडप. तो उघडाच अडकला की इंजिन कधीच पुरेसं तापत नाही आणि संगणकाला वाटतं, गाडी अजून थंडच आहे. तो पेट्रोल जास्त देत राहतो. खूण सोपी आहे. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेपर्यंत चढत नाही, किंवा महामार्गावर खाली येतो. हा बिघाड फार वेळा नजरेतून सुटतो, कारण गाडी तापत नाही याची तक्रार कोण करणार?

तिसरा ऑक्सिजन सेन्सर. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. धुरात ऑक्सिजन किती उरला हे बघून हा सेन्सर संगणकाला ते प्रमाण सांभाळायला मदत करतो. तो मंद झाला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. धूर काळपट होतो, वास येतो, इंजिनचा दिवा लागतो. तो दिवा लागला असेल तर बाकीचे तर्क बाजूला ठेवा आणि आधी ओबीडी स्कॅनर, म्हणजे संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं यंत्र, लावून कोड वाचून घ्या. दिवा न लागताही स्कॅनरवर 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' दिसतो, म्हणजे संगणक ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त देतो आहे तो आकडा. तो शून्याच्या आसपास असावा. दहा टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली असेल, तर संगणक काहीतरी चूक झाकतो आहे.

प्लग जुने झाले की एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. गाडी थरथरते, उठावात अडखळते. क्लच घसरत असेल तर चढावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही. क्लचच्या पेडलवर पाय टेकवून चालवण्याची सवय असेल तर तो लवकर घसरायला लागतो.

मायलेज धाडकन पडलं आणि गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो. काय करू?

गाडी बंद करा, लोकांना बाजूला करा आणि मेकॅनिकला तिथेच बोलावा. ही गळती असू शकते. तपासण्यासाठी इंजिन पुन्हा सुरू करू नका.

पेट्रोलमुळे फरक पडतो का? इथेनॉलचं काय?

पडतो. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एका लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. दहा टक्के इथेनॉल असलेल्या इंधनात शुद्ध पेट्रोलपेक्षा तीन-साडेतीन टक्के ऊर्जा कमी असते आणि वीस टक्के असलेल्या ई-२० मध्ये सहा-सात टक्के. त्या इंधनासाठीच बनवलेलं इंजिन यातला थोडा तोटा भरून काढू शकतं, जुनं इंजिन फारसा नाही. पंपावरचं मिश्रण बदललं आणि त्याच सुमारास आकडा तीन-चार टक्क्यांनी उतरला, तर ती घट खरी आहे आणि कोणताही मेकॅनिक ती दुरुस्त करू शकणार नाही. मात्र वीस-पंचवीस टक्के घट झाली असेल तर फक्त इथेनॉलवर बोट ठेवू नका, दुसरं कारण शोधा.

जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल हा वेगळा विषय. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची ताकद. त्यात ऊर्जा जास्त असते असं नाही. गाडीच्या पुस्तिकेत ते मागितलं नसेल तर मायलेजसाठी ते भरण्यात अर्थ नाही.

पहाटे पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं का?

दहा अंशांच्या फरकाने पेट्रोल साधारण एक टक्का प्रसरण पावतं, एवढं खरं. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. त्यासाठी झोप मोडू नका.

उतारावर न्यूट्रल टाकल्याने इंधन वाचतं?

नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला की संगणक पेट्रोल बंदच करतो, चाकं इंजिनला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावंच लागतं. शिवाय इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. लांब उतारावर तापलेले ब्रेक ऐन वेळी लागत नाहीत. न्यूट्रलने उतरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ओझं आणि टपावरचा कॅरियर?

दर ४५ किलोमागे साधारण एक टक्का. डिकीतलं विसरलेलं सामान उतरवा. टपावरची मोठी पेटी मात्र महामार्गावर सहा ते सतरा टक्के खाऊ शकते. प्रवास संपला की ती काढून ठेवा. रिकामी असली तरी हवा अडतेच.

डिझेल गाडीचं मायलेज मधूनच एका दिवसापुरतं का पडतं?

बहुधा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो भरत आला की गाडी जादा डिझेल वापरून धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. त्या वेळी आकडा पडतो, इंजिन थोडं वरच्या फेऱ्यांवर चालतं आणि बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. हे काही शे किलोमीटरमागे एकदा झालं तर नैसर्गिक आहे. वारंवार होत असेल तर तुमच्या फेऱ्या फार छोट्या आहेत, किंवा इंजेक्टर वा सेन्सर बघायला हवा. प्रक्रिया चालू असताना गाडी मधेच बंद करणं टाळा.

सीएनजीचं मायलेज प्रत्येक वेळी वेगळं का येतं?

सिलिंडर "फुल" होणं हे दाबावर ठरतं आणि भरताना गॅस तापला की त्याच दाबाला कमी किलो बसतात. पंपाचा दाब कमी असला तरी तेच. म्हणून एका भरण्यावरून किती किलोमीटर गेलो हे बघू नका. पाच-सहा भरण्यांचे किलो एकत्र मोजा. आणि पेट्रोलशी तुलना करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते, आणि बऱ्याच गाड्या थंड असताना पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. ते पेट्रोलही हिशोबात धरा.

दहाचे बारा झाले आणि वीसचे बावीस झाले, फायदा सारखाच ना?

मुळीच नाही. शंभर किलोमीटरला दहाच्या गाडीला १० लिटर लागतात, बाराच्या गाडीला ८.३. वाचले १.७ लिटर. वीसच्या गाडीला ५ लिटर, बावीसच्या गाडीला ४.५५. वाचलं अर्धा लिटरही नाही. घरात दोन गाड्या असतील तर कमी मायलेजच्या गाडीवर आधी लक्ष द्या. अनेक देशांत "शंभर किलोमीटरला किती लिटर" असं मोजतात, त्यामागे हाच शहाणपणा आहे.

मेकॅनिककडे गेल्यावर काय सांगायचं?

"ॲव्हरेज देत नाही" एवढंच सांगितलंत तर तो प्लग, फिल्टर आणि इंजेक्टर सफाई यांतलं काहीतरी करून देणार, त्याच्यापुढे दुसरा मार्गच नसतो. मागच्या सहा-सात टाक्यांची नोंद दाखवा. घट कधीपासून, अचानक की हळूहळू, त्याच्या आधी गाडीवर कोणतं काम झालं, तापमानाचा काटा कुठे राहतो, कुठलं चाक गरम लागतं, कुठला दिवा लागला, हे सांगा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कोणालाच कळत नाही. काम झालं की त्याच नेहमीच्या पंपावर टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि तीन टाक्या थांबा.